उकिरड्याखालची माती

परसातला उकिरडा उपसायला घेतला की कुजलेल्या शेणाचा वास येतो आणि मला आमच्या वरंध गावातली ती सकाळ आठवते.

माती तपासणीसाठी कृषी सहायकांनी कापडी पिशवी दिली होती. शेतात सात-आठ ठिकाणी खणून माती घ्या, असं तिच्यावर छापलं होतं. बाबांनी मात्र उकिरड्याखालची काळी, भुसभुशीत माती ओंजळीने उचलली.

"बाबा, ही शेतातली नाय."

"गप गो! परक्या माणसाला घरातली फाटकी गोधडी दाखवायची काय?"

मी हसले.

जमीन उत्तम, असा अहवाल आला. बाबांनी तो देवाशेजारी चिकटवला आणि हळूहळू स्वतःच त्यावर विश्वास ठेवायला लागले. शेतात शेणखताची पाटी जाईनाशी झाली. "कागद सांगतोय ना, जमीन चांगली हाय!"

आज त्या शेतात कुदळ मारली की हाताला झिणझिण्या येतात. भाताच्या लोंब्या निम्म्या पोकळ निघतात. बाबा गेले. भाऊबंद म्हणतात, म्हाताऱ्याला अक्कल नव्हती. मी खाली मान घालून ऐकते. बाबांना वाचता येत नव्हतं. पिशवीवरचं मीच त्यांना वाचून दाखवलं होतं, आणि नंतर तिचं तोंड उघडून धरलं होतं, तेही मीच.