सपाट पाय आणि आवणीचं वाकणं

माझे तळवे सपाट आहेत. लहानपणी आईने सारवलेल्या ओल्या जमिनीवर माझंच पाऊल अख्खं उमटायचं, म्हणून ओरडाही मलाच बसायचा. यंदा कंबर धरली, तेव्हा डहाणूच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी ते तळवे पाहिले आणि मला डोळे मिटायला सांगितलं. मला अर्ध्यावर थांबवत त्या म्हणाल्या, "इथवर वाका, उभे राहा, आता पुन्हा तिथवरच वाका." असं तीनदा करून घेतलं; तिन्ही वेळा मी त्याहून बराच खाली गेलो. "पाय सपाट असले, की कधीकधी कंबर कुठवर वाकलीय तेही नीट उमगत नाही," त्या म्हणाल्या. मला रागच आला. चाळीस वर्षं चिखलात वाकून रोपं लावली, भाताची आवणी केली, आणि ही कालची पोर मला वाकायला शिकवणार!

रानशेतला घरी येऊन बायकोसमोर तसाच डोळे मिटून वाकलो. ती हसतच सुटली. "अहो, हात बघा तुमचे!"

डावा हात रोपांची मूठ धरल्यासारखा होता आणि उजव्याची बोटं जमिनीला टेकली होती.

बाईंचे व्यायाम आता रोज करतो. अर्ध्यावर थांबणं जमायलाही लागलंय. आवणीच्या दिवसांत मात्र कंबर माझं ऐकेलसं वाटत नाही. आणि ऐकूही नये.