भोंग्याच्या वेळी

आमच्या साडूंइतका उद्योगी माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत झाला नसेल. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मूळचे मेढ्याकडचे, पलटणीतून हवालदार होऊन सुटलेले आणि माधवनगरला गिरणीच्या फाटकावर पहारेकरी. कुणाच्याही घरी गेले की आधी बाजल्याखाली डोकं घालायचे. "ईण ढिली पडलीया, उठा!" असा हुकूम सुटायचा. मग दुपारी लवंडलेल्या म्हाताऱ्याला अलगद उचलून भिंतीला टेकवायचे आणि बाजलं उसवायला घ्यायचे. म्हातारा बिचारा संध्याकाळपर्यंत तसाच टेकलेला. लग्नात अक्षता पडायच्या आत मांडवाच्या गाठी तपासून व्हायच्या. न्हाव्याकडे नंबर लांब होता म्हणून तिथल्या खुर्चीची फाटकी वेताची बैठक विणून दिली आणि दाढी करायची राहून गेली, हेही मी पाहिलंय.

हा उद्योग म्हणजे औषध होतं, हे पाहुण्यारावळ्यांत कुणी बोलत नसे. मीही बोललो नाही. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला की कामगार घराकडे वळायचे आणि साडू ओढ्याकडच्या हातभट्टीकडे. पुढंपुढं तर मेहुणी कंदील घेऊन त्यांना गटारात शोधायची. शेवटी सांगलीला दवाखान्यात घातलं. थरथर थांबल्यावर डॉक्टरांनी त्यांना एका खोलीत पाठवलं. तिथं एक तरुण बाई रोग्यांकडून वेत आणि सुतळी विणून घ्यायची. आम्ही हसलो. हवालदाराला आता बाई दोरी वळायला शिकवणार! साडू मात्र तिला "उस्ताद" म्हणायचे आणि रोज सकाळी टाच आपटून सलाम ठोकायचे. तिनं त्यांना उपदेश केला नाही, एवढंच विचारलं, दारू नेमकी कधी आठवते?

"भोंगा झाला की. हात कुटं ठिवावं कळंना हुतंय, उस्ताद."

बाईनं आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, "त्या वेळेला यांच्या हाताला काम द्या, कसलंही. आणि घसरले तर ओरडू नका. परत घेऊन या."

तेव्हापासून भोंग्याआधी मेहुणी त्यांच्यापुढं सोलायच्या लसणानं भरलेलं सूप सरकवायची. आळीला कळल्यावर आळीभरचा लसूण, शेंगा, चिंचा, गुंतलेली लोकर, सगळं यांच्या ओट्यावर येऊ लागलं. भोंगा वाजायचा, साडू मान खाली घालून सोलत राहायचे, आणि तो थांबला की, मी तिथं असलो तर, मला मिशीत म्हणायचे, "पावनं, आज बी हरला गड्या त्यो."

मग माझ्या थोरल्या लेकीची सुपारी फोडायचं ठरलं. आमच्या मलकापूरला भोंगा नव्हता, पण ऊन कलल्यावर तो साडूंच्या आत वाजत असावा. मुलाकडची माणसं बैठकीवर टेकली होती आणि साडू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बायकांत बसून लसूण सोलत होते. फेट्याला टरफलं चिकटलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्या हातातलं सूप काढून घेतलं.

"आवं, ऱ्हाऊ द्या की. एवढं सोलतो."

"पाव्हण्यानं काम करायचं नसतंय. लोक काय म्हणतील? बसा मानानं."

मानानं बसवलं मी त्यांना, लोडाला टेकवून. दोन्ही हात मांडीवर. ते हात एकमेकांना धरून होते, ते मला दिसत होतं. पान फिरलं, अत्तर फिरलं, आणि जेवणाच्या पंगतीला साडूंचं पान रिकामं राहिलं.

सकाळी ते नदीकाठी सापडले. परत दवाखान्यात न्यायला हवं होतं. मी मात्र सोयऱ्यांना कळेल म्हणून त्यांना भरल्या घरासमोर वाट्टेल ते बोललो आणि एस.टी.त बसवून दिलं. मेहुणीनं त्यांना पुन्हा त्या बाईकडे नेलं ते फार उशिरा. तोवर पोटात पाणी झालं होतं.

मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा मोसंबी नेली होती. सोलायला घेतली तर साडूंनी ती हातातून काढून घेतली. "आज तुमी पावनं. पाव्हण्यानं काम करायचं नसतंय." बोलण्यात डंख नव्हता, मिशीत हसत होते. सगळी मोसंबी त्यांनी सोलली, फोडी माझ्या तळहातावर ठेवल्या. मी खात राहिलो.

"अजून हाईत का?"

पिशवी रिकामी होती. बाहेर ऊन कलायला आलं होतं. मी पिशवीच्या बंदांना एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी, आणखी एक, आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

साडूंनी ती उजेडाकडे धरून नीट पाहिली. "लय घट्ट मारलीसा की," म्हणाले, आणि खुशीत उशीला टेकून कामाला लागले.

ती पिशवी मेहुणीनं त्यांच्या तेराव्याला मला परत दिली. वरची गाठ सुटलेली आहे. बाकीच्यांना मी हात लावलेला नाही.