मनगट दुखतंय म्हणाली तेव्हा

माझ्या मुलीचे व्हायोलिनचे सर फ्रेंच आहेत. सत्तरी ओलांडलेले, उंच, जरासे वाकलेले. तिकडच्या एका संगीतशाळेत त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. आता इकडे, या बेटावरच्या पासिर रिस उपनगरात, आमच्या पुढच्याच ब्लॉकमध्ये राहतात आणि घरीच शिकवतात.

त्यांची एक सवय मला खटकायची. मुलीनं थोडं वाजवलं की म्हणायचे, "खाली ठेव. हात सैल सोड. पाणी पी." मी कोपऱ्यात बसून मनातल्या मनात चरफडायची.

परीक्षा जवळ आली तशी मीच तिच्या मागे लागले. पाया लेबारच्या ऑफिसातून घरी पोचले की पहिला प्रश्न, "वाजवलंस का?"

एकदा ती म्हणाली, "आई, मनगट दुखतंय. कॅनॉट, ला." नाही जमत म्हणायला इथली मुलं असंच बोलतात.

"थोडं दुखणारच. एवढं पुरं कर."

तिनं केलं.

त्या शनिवारी सरांनी तिला दोनच ओळींनंतर थांबवलं. तिचा डावा हात आपल्या तळहातावर घेतला. "कधीपासून दुखतंय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"आठवडा झाला असेल," मीच म्हणाले. "पण परीक्षा आहे ना..."

सरांनी तिचं व्हायोलिन पुसून पेटीत ठेवलं, तिला खाली खेळायला पाठवलं आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"तिकडे माझा एक विद्यार्थी होता. मला मिळालेला सगळ्यांत चांगला. हात दुखतो म्हणाला. मी म्हणालो, सगळ्यांचाच दुखतो. स्पर्धा होती. ती त्यानं जिंकली, आणि मी त्याच्या आईवडिलांशेजारी उभा राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्या हिवाळ्यात त्याची दोन बोटं तारेवर उतरेनात. पुन्हा कधी नीट उतरलीच नाहीत."

"तुम्हाला काय कल्पना?"

"होती. वाजवताना त्याचा चेहरा मला दिसत होता."

त्यानंतर नोकरी सोडून ते इकडे आले. एकदा सुट्टीत तिकडे गेले असताना त्याला भेटले. तो शाळेत भूगोल शिकवत होता. त्यानं बायकोला कौतुकानं सांगितलं, हे माझे सर. "माफी मागायला गेलो होतो," सर म्हणाले. "कॉफी प्यायलो, केक छान झालाय म्हणालो आणि परत आलो."

त्यांना धीर द्यायला हवा होता. मी खिडकीकडे वळले. खिडकीतून मुलगी दिसत होती. झोपाळ्याची साखळी तिनं एकाच हातानं धरली होती.

डॉक्टरांनी दीड महिना विश्रांती सांगितली. परीक्षा बुडाली, मनगट बरं झालं. एका संध्याकाळी मी तिला म्हटलं, "तू सांगत होतीस तरी मी वाजवायला लावलं. चुकलं माझं."

"इट्स ओके ला, आई," म्हणून तिनं मोबाइलमध्ये डोकं घातलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. इतकं सहज सोडून दिलं तिनं, की मला तिच्याकडे बघवेना.

हे मी सरांना सांगितलं. पुढच्या शनिवारी आम्ही गेलो तेव्हा दारातच म्हणाले, "मी त्याला फोन केला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, सर, मला वाटायचं, मी वाया गेलो म्हणून तुम्ही आमचं गाव सोडलंत." त्यांनी चष्मा काढला. "इतकी वर्षं तो असं समजत होता."

मग काचा पुसत राहिले. मुलगी व्हायोलिन घेऊन आत उभी होती. कुणीच तिला सुरू कर म्हणालं नाही.