माळ्याचे नाव
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मनीषनगरच्या घरातली ती दुपार परतून येते. कित्येक महिने मला एकही पुस्तक वाचवले नव्हते. आवडत्या कविताही मुक्या झाल्या होत्या. मग सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि त्यांच्यासाठी मोठ्याने वाचता वाचता माझे वाचन परतले. आधी प्रवासवर्णने, मग भुताच्या गोष्टी, शेवटी एक रहस्यकथा. “माह्याआधी पुढं वाचजो नोको वं,” त्यांनी बजावले होते, “खुनी दोघी मिळून धुंडू. मले त त्या डॉक्टरवरच शक हाये!” त्या दुपारी त्यांचा डोळा लागला आणि मी अधाशासारखी शेवटच्या पानापर्यंत पोचले. खुनी डॉक्टर नव्हता, बागेतला माळी होता. संध्याकाळी काहीच ठाऊक नसल्यासारखी वाचायला बसले. पण साध्याशा प्रसंगात माळ्याचे नाव आले आणि माझा आवाज अडखळला. माझ्या गुडघ्यावर विसावलेला त्यांचा हात हळूच मागे गेला. आज माझ्या उशाशी पुन्हा नाना तऱ्हेची पुस्तके असतात, तरी रहस्यकथेचा शेवट जवळ आला की हिरव्या पट्टीआडचा तो चेहरा माझ्याकडे वळतो आणि तेव्हासारखाच हळू विचारतो, “एकटीच?”