गुपचूप फेरी कोणाची?

शाहेदा गेल्याची बातमी मला कोकणातून आली. ती राहायची पडेगावला, माझ्या घरापासून रिक्षानं अर्ध्या तासावर, आणि फोन आला तो थेट समुद्राकाठून. वृंदाचा. वृंदा तिकडच्या एका गावात कासवांच्या घरट्यांची राखण करणारी संस्था चालवते. ती रडत होती. "माधुरीताई, तुम्ही तिच्या घरीच असाल ना?" असं तिनं विचारलं, आणि मी माझ्या स्वयंपाकघरात कुकर लावत उभी होते. पहाटे शाहेदाच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. तिच्या बहिणीनं, झरीनाआपानं, घाबरून शाहेदाच्या मोबाइलवर सगळ्यात वर दिसलेला नंबर लावला आणि तो वृंदाचा निघाला. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, हिला माझ्याआधी कसं कळलं?

तेव्हा हा लेख कोण लिहितंय ते वाचकांनी आधीच ओळखलेलं बरं. शाहेदा माझी जिवाभावाची मैत्रीण होती आणि मला तिचा कायम हेवा वाटायचा. आम्ही एकाच शाळेत शिकवायचो, ती भूगोल आणि मी विज्ञान. रविवारी मुलांना शहराबाहेर चालायला न्यायचं असं आम्ही दोघींनी सुरू केलं, त्याचीच पुढं छोटीशी संस्था झाली. आठवडाभर वाचून, ओळखून, खात्री करून मी मुलांना तरवड दाखवायची, चंडोल दाखवायची. शाहेदाला बाभळीखेरीज झाड ओळखता येत नव्हतं. तरी पोरं तिलाच चिकटलेली. तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. डबे तिच्याभोवती उघडायचे, भांडणं तिच्याकडं जायची आणि परत आल्यावर पालक आभार मानायचे तेही तिचेच... मी मागं सतरंजीची घडी घालत असायची.

आता फेरीचं सांगते. एकदा मुलांना न्यायच्या आधी वाट पाहून यावी म्हणून आम्ही दोघीच पडेगावच्या मागच्या टेकडीवर गेलो होतो. आठवडाभर वर्गात ओरडून माझा घसा पार बसला होता. "बरंच झालं, आज मलाच बोलायला मिळन," असं म्हणून तिनं सुरुवात केली. मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी तिच्या खांद्याला हात लावायची आणि बोटानं दाखवायची. गवतातला सरडा, कोळ्याचं जाळं, दगडाखालची इंगळी. थोड्या वेळानं तिचं बोलणं कमी झालं आणि मग बंदच झालं. पुढं उघड्या मुरमावर टिटवीची अंडी दिसली. दगडांत दगड होऊन पडलेली, मी हात धरला नसता तर तिचा पाय पडला असता. ती खाली बसली आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. शाहेदा गप्प बसलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. परतताना ती म्हणाली, "मधू, पोरांना बी असंच आणू या. कुणी बोलायचंच नाय." पुढच्या रविवारी आम्ही तसं केलं. खांद्यावर हात, बोटानं खूण, शब्द एकही नाही. मुलांनीच त्याला गुपचूप फेरी म्हणायला सुरुवात केली.

वृंदा आम्हाला भेटली ती शिक्षकांच्या एका शिबिरात. दोन्ही संस्थांनी मिळून काम करायचं ठरलं. कासवांची पिल्लं बाहेर पडायच्या दिवसांत आमची मुलं त्यांच्या किनाऱ्यावर जाणार आणि पावसाळा सरल्यावर त्यांची मुलं आमच्या टेकड्यांवर येणार. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सगळ्यांच्या आधी उठून न्याहारीची तयारी केली. पाण्याजवळची वाळू कशी सपाट, टणक, स्वच्छ. तिथंच मी ताडपत्री अंथरली, वर पोह्यांचं पातेलं ठेवलं आणि मुलांना हाक मारायला गेले. आमच्याकडचं पाणी असतं तिथंच असतं, ते चालत येतं हे पुस्तकात शिकवलेलं असूनही त्या सकाळी माझ्या डोक्यात आलं नाही. परत आले तर पातेलं डुलत डुलत निघालं होतं, आणि वृंदा आणि शाहेदा एकमेकींना धरून हसत होत्या. पोहे गेले त्याचं मला काही नाही. त्या दोघी ज्या तऱ्हेनं हसत होत्या ते मला सोसलं नाही.

तिथून पुढं शाहेदा किनाऱ्याचीच झाली. सहलीला तर जायचीच, सुट्टीतही एकटी उठून जायची. येताना आमसुलं, सुकट आणि समुद्राच्या गोष्टी घेऊन यायची. तुझं माहेर आता कोकणातच, असं मी टोचून बोलायची आणि ती खुशाल हो म्हणायची. त्यांची मुलं इकडं कधी आलीच नाहीत. कधी परीक्षा, कधी गाडी, कधी आणखी काही. आमच्या माळरानात बघायला आहेच काय, असं त्यांना वाटत असणार, असा माझा ग्रह झाला होता. मी विषय काढला की शाहेदा म्हणायची, "येतील गं. तुझं बी ना, लई घाई." त्या येतील-येतीलमध्येच ती गेली.

शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली तेव्हा वृंदा मुद्दाम आली. पिल्लं समुद्राकडं निघतात तेव्हा दोरीमागच्या गर्दीनं शांत राहायला हवं, पण शहरातली मुलं किंचाळायची, ते कसं थांबवावं ते आम्हाला सुचत नव्हतं, असं ती म्हणाली. मग शाहेदानं त्यांना गुपचूप फेरी दिली. गावातून निघायचं, सुरूच्या बनातून दोरीपर्यंत यायचं, शब्द न बोलता, खांद्यावर हात ठेवून. आता तिथं येणाऱ्या प्रत्येक शाळेला ते आधी ही फेरी करायला लावतात. दोन्ही संस्थांच्या कार्यक्रमात हिला 'शाहेदा फेरी' म्हणावं असं तिनं सुचवलं. लोकांनी डोळे पुसले. झरीनाआपा तर हुंदके देऊन रडली. आणि पहिल्या रांगेत बसून माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. घसा माझा बसला होता. अंडी मला दिसली होती. तिनं तिकडं माझं नाव एकदा तरी घेतलं होतं का? वृंदाला विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि जिला विचारायचं ती पडेगावच्या कब्रस्तानात.

वृंदानं माझी संमती मागितली. तुमची मुलं आधी इकडं येऊ देत, मग सांगते, असं मी म्हणाले. मला वाटलं, नेहमीसारखं टाळतील... पण ते आले. गेल्या रविवारी त्यांची मुलं आणि आमची मुलं टेकडीच्या पायथ्याशी उभी होती. त्यांच्या मुलांना पाणी नसलेली एवढी जमीन कधी दिसली नव्हती. वृंदा म्हणाली, "माधुरीताई, फेरी कशी सुरू झाली ते तुम्हीच सांगा."

कित्येक दिवस मी हेच मनात घोळवत होते. बसलेल्या घशापासून टिटवीच्या अंड्यांपर्यंत मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे ही फेरी माझी आहे." वृंदानं मान डोलावली. मुलांनीही डोलावली. एक मुलगी बुटाची नाडी बांधत होती, ती बांधत राहिली. कुणाचीच हरकत नव्हती. शाहेदा असती तर मागून तरातरा आली असती. "कशाची तुझी? तू तं मुकी झाली व्हतीस. पोरांना आणायचं कुणाला सुचलं?" म्हणाली असती. मग टेकडी चढेपर्यंत आम्ही भांडलो असतो, उतरताना भांडलो असतो, तिच्या ओट्याशी चहा उकळत असताना भांडलो असतो, आणि निकाल काही लागला नसता. फेरी आता बिनविरोध माझी झाली होती आणि मला तिथं उभं राहवेना.

मुलं चालायला लागली. मी वृंदाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "नाव शाहेदाचंच ठेवा. आणि माधुरीला ते मान्य नाही, हेही प्रत्येक वेळी मुलांना सांगत जा."