बाळंतिणीचं पाणी

एकोणऐंशीच्या वैशाखात पिंगळीच्या पारूला मुलगी झाली. बाळंतीण पाणी प्याली की बाळाला सर्दी होते, याबद्दल सासू बायनाबाईला तिळमात्र शंका नव्हती. म्हणून बाजेखाली शेगडी आणि दिवसाला वाटीभर कोमट पाणी. पारूचं दूध आटलं. बाळाचा रडण्याचा आवाजही बसत चालला.

“आत्याबाई, घोटभर पाणी द्या. जीव चाललाय.”

“आमी न्हाई का बाळंत झालो? पाच खेपा! दोन जगले की.”

सासू मारुतीला गेली तशी पारू भिंत धरून रांजणापाशी पोचली आणि तांब्याभर पाणी प्याली. संध्याकाळपर्यंत पान्हा फुटला. बाळ पोटभर प्यालं आणि एकदा शिंकलं.

घरात एवढा पुरावा पुरला. दुसऱ्या दिवसापासून बाळंतिणीच्या खोलीला बाहेरून कडी लागली.