लांबहाती

“उडंना का, पण जेवतो कुठं?”

आमच्या खेळात कुणी नवा सुपरहिरो आणला की काकूंचा पहिला प्रश्न हाच. समोरच्याने जीव ओतून लिहिलेलं असायचं. छातीवर विजेची खूण, मुठीत वादळ, एका झेपेत डोंगर पार. काकू सगळं मन लावून वाचायच्या आणि मग हे विचारायच्या. तो बिचारा गडबडायचा. हिरोच्या जेवणाचा विचार त्याने केलेलाच नसायचा.

खेळ काय होता ते आधी सांगते. तो मोबाइलवर, एका ग्रुपवर लिहून खेळायचा. प्रत्येकाने एक सुपरहिरो तयार करायचा, त्याची शक्ती ठरवायची, तो असा कसा झाला याची पूर्वकथा लिहायची. मग आपापल्या हिरोच्या तोंडून बोलत सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी हा खेळ चालवायचे. खेळणारे बहुतेक नाशिकचे किंवा आसपासचे, पण कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. काकूंना मात्र मी रोज बघायचे. पंचवटीत आमच्याच बिल्डिंगमध्ये त्या तळमजल्यावर राहत.

सुट्टीच्या दिवशी जिन्यात बसून टाइप करताना त्यांनीच मला पकडलं होतं.

“कुणाशी भांडतीस एवढं?”

“भांडत नाही काकू, राक्षसाला मारतेय.”

“मग मला पण घे की. मी काय नुसती बसलेलीच हाय.”

नुसत्या बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. माहेर आणि सासर दोन्ही फुलांच्या शेतीतलं. वर्षानुवर्षं त्या बाजारात झेंडू-शेवंती घेऊन बसायच्या, आणि त्यांच्याशी घासाघीस करायला लोक बिचकायचे म्हणे. ते सगळं सुटलं काकांमुळे. काकांची आठवण हळूहळू विरत चालली होती. दार उघडं दिसलं की ते चालू लागायचे, रात्री-अपरात्रीसुद्धा. म्हणून काकूंनी दाराला आतून कडी घातली आणि त्या कडीच्या आत स्वतःही राहिल्या. भरल्या बाजारात बोलायची सवय असलेली बाई दोन खोल्यांत किती बोलणार? तुम्ही आम्ही असतो तर भिंतीशी बोलायला लागलो असतो. काकू सुपरहिरोंशी बोलायला लागल्या.

पूर्वकथांवर त्यांचा एक मोठा आक्षेप होता. “आईबापाला मारल्याशिवाय शक्ती येत नाय का रे तुमच्यात?” खरंच होतं ते. आमचे झाडून सगळे हिरो अनाथ. वज्रदंड नावाच्या हिरोचं तर सबंध गाव जळालेलं. काकू त्याच्या मागेच लागल्या. “एक मावशी तरी ठेव. सणावाराला जाईल कुठं?” शेवटी त्याने मावशी ठेवली. पुढे ती सगळ्यांची इतकी लाडकी झाली की एकदा तिला ताप आला म्हणून आम्ही चालू लढाई थांबवली.

काकूंनी स्वतः तयार केलेल्या हिरॉइनचं नाव होतं लांबहाती. ना तिला पंख, ना पोशाख. ती आपल्या स्वयंपाकघरात बसलेली असायची आणि तिचा हात लागेल तेवढा लांब व्हायचा. गोदावरी ओलांडून पलीकडच्या चोराची कॉलर धरायचा.

“पण काकू, ती स्वतः का जात नाही?” मी विचारलं होतं.

“घर सोडून कशी जाईल? हात जातोय ना, मग झालं.”

मी हसले होते. त्या हसल्या नव्हत्या.

एका दुपारी आमच्या गोष्टीत मोठं युद्ध चाललं होतं. मध्येच काकूंचा मेसेज आला. ‘आमचे मिस्टर घरातुन गेलेत. निळा शर्ट. पायात चपला नाय.’

सगळ्यांना वाटलं, हे लांबहातीचंच काहीतरी. अदृश्या नावाच्या हिरॉइनने लिहिलं, ‘मी वाऱ्यात मिसळून शोध घेते.’ वज्रदंडाने लिहिलं, ‘शत्रूने त्यांना पळवलं असेल तर मी त्याचा किल्ला फोडीन.’

काकूंनी पुन्हा लिहिलं. ‘आरे खरच गेलेत रे.’

मी तसाच फोन लावला. काकूंना नुसती धाप लागली होती. दूधवाल्याने बेल वाजवली, त्या भांडं आणायला वळल्या, तेवढ्यात काका बाहेर पडले होते. मी ग्रुपवर लिहिलं, ‘हा खेळ नाही. जो जवळ असेल त्याने पंचवटीत यावं,’ आणि दुकानातून निघाले.

काकूंना घरीच थांबणं भाग होतं. काका आपणहून परतले आणि दाराला कुलूप दिसलं तर? त्या दारात उभ्या राहून फोनवरून सांगत होत्या. “फुलवाल्यांकडं बघ. तिथं नसले तर घाटाकडं बघ. पाण्याकडं बघ बाई आधी.” ते शेवटचं ऐकून मी आधी घाटाकडेच धावले.

घाटावर काका नव्हते. ‘बाजारात पोचलो,’ असं वज्रदंडाने लिहिलं होतं, म्हणून तिथे मी भाज्यांच्या ढिगांमध्ये उभी राहून ओरडत होते, “वज्रदंड! वज्रदंड कुठे आहे?” लोक बघायला लागले. हेल्मेट घातलेल्या एका किरकोळ माणसाने ओशाळून हात वर केला. “मीच.” त्याची स्कूटर तिथे जी बंद पडली ती पुन्हा चालू होईना. मग पर्वत फोडणारा तो वीर आणि मी गल्ल्यागल्ल्यांतून पायी धावलो.

काका सापडले ते अदृश्याला. ती नर्स होती, ड्यूटी संपवून निघालेली. दिंडोरी नाक्यावर द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बायकांच्या जीपमध्ये काका अगदी ऐटीत बसले होते. “मळ्यात फुलं तोडायची राहिलीत,” असं त्या बायकांना सांगत होते. बायकांनी त्यांना पाणी दिलं होतं आणि ड्रायव्हरला थांबवून धरलं होतं.

अदृश्याने ग्रुपवरच व्हिडिओ कॉल लावला. काकांचा चेहरा दिसला. काकूंनी फोन डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाल्या, “अहो, चपला तरी घालून जायच्या.”

आणि फोन तसाच उताणा ठेवून दिला. बराच वेळ आम्हा सगळ्यांच्या फोनवर काकूंच्या घरचा छताचा पंखा तेवढा फिरताना दिसत होता.

काकांना रिक्षाने घरी आणलं. काकूंनी त्यांचे पाय धुतले, काटा वगैरे गेलाय का ते पाहिलं, आणि मगच आमच्याकडे वळल्या. वज्रदंडाला त्यांनी खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “पोरा, तू एवढासाच व्हय?” त्या दिवशी पहिल्यांदा सगळे हसले. काकाही हसले, का ते त्यांना ठाऊक नसताना.

त्यानंतर काकूंची मुलगी त्यांना दोघांना नांदगावला आपल्या घरी घेऊन गेली. काकू आधी नाही म्हणत होत्या. लेकीच्या दारात कसं राहायचं, हे त्यांच्या मनातून जाईना. पण त्या दुपारने त्यांना घाबरवलं होतं, आणि एकटीने पुरे पडणार नाही हेही कळलं होतं. खेळात त्यांचं येणं कमी झालं, मग थांबलंच. मला काळजी वाटायला लागली. एका रविवारी मी गाडीत बसले आणि नांदगावला गेले.

पुढे दुकान, मागे घर, मध्ये अंगण. अंगणात काका जावयाच्या आईबरोबर शेंगा सोलत बसले होते. “कुणाकडं आलात?” त्यांनी मला अगदी आदराने विचारलं. दुकानातून जावयाचं लक्ष त्यांच्यावर होतं, ओट्यावरून मुलीचं.

“काकू कुठे आहेत?” मी मुलीला विचारलं.

“झोपलीय. उठवू का?” मुलगी म्हणाली. “इथं आल्यापासून दुपारची झोपते. पहिले काही दिवस तर इतकी झोपायची की आम्हीच घाबरलो.”

मी दारातून डोकावले. काकू भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन गाढ झोपल्या होत्या. बाहेर दुकानात कुणी पोतं आपटलं, तरी त्या हलल्या नाहीत.

“नको, झोपू द्या,” मी म्हणाले, आणि अंगणात काकांसमोर शेंगा सोलायला बसले.